आलं जास्त आहे

ऑक्टोबरात रुवीमध्ये पानगळ खोक्यातून येते.
सजीशभाई शिडीवर चढून ती छताला टांगतो,
कागदाची, नारिंगी, एसीच्या झोतात भिरभिरणारी.
बाहेर मस्कतच्या डोंगरावर गळायला एक पान नाही,
पस्तीस अंश, आणि मी
भाजी विभागात भोपळ्यांची उतरंड रचतोय.

गावी भोपळा म्हणजे घारगे.
कोहळा म्हणजे दारावरची राखण,
काळ्या दोऱ्यात, दृष्ट पिऊन पिऊन सुकणारा.
इथे भोपळ्याला डोळे कोरतात, दात कोरतात,
पोट खरवडून आत मेणबत्ती.
गर फेकतात. एवढा गर!

ओर्लाबाई मात्र सलगम शोधत आली.
शाळेत पियानो शिकवते, गुडघ्याला पट्टा.
एकेक सलगम टिचकी मारून बघत म्हणाली,
भोपळा नंतरचा रे. आयर्लंडातून बोटीने गेलेल्यांना
तो पलीकडे सापडला, कोरायला मऊ.
मूळचं हेच, सलगम. चमचा वाकायचा.
पीक घरात आलं, गुरं डोंगरावरून उतरली
की एका रात्री वर्षाची कडी निघते.
मेलेले घरी येतात. त्यांचं ताट बाहेर ठेवायचं.
आपण तोंडाला काजळी फासायची,
म्हणजे भलता कुणी आलाच, तर आपल्यातलाच समजून
पुढे जाईल.
गरिबांची पोरं दारोदार पाव मागायची,
मेलेल्यांच्या नावाने.

'तुमच्यात?'
मी म्हटलं, आमच्यात पंधरवडा असतो. ताट कावळ्याला.
'आणि कावळा आला नाही तर?'
मी तिचे सलगम वजनाला ठेवले.
सातशे ग्रॅम. स्टिकर लावला.

आई श्रावणात गेली.
दहावा मी फोनवर पाहिला:
दाजीच्या हातात थरथरणारी खाडी,
केळीच्या पानावर भात,
कावळे माडावर. हलेनात.
काका ओरडून ओरडून वचनं देत होता,
धाकटीचं लग्न करू, गाय विकणार नाही,
पंडू येतलो गो, चैत्रात येतलो.
शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा वळला,
तोच टेकवला, आणि सगळे आंघोळीला गेले.
फोन कुणीतरी पालथा ठेवला असावा.
मला नुसती वाळू ऐकू येत राहिली.

काय राहिलं होतं तिचं?

पक्षात मी गच्चीवर भात ठेवला.
इथले कावळेही आपल्याच बाजूचे म्हणतात,
गलबतांवर बसून आलेले, व्हिसा नाही,
परतीचं तिकीट नाही.
एक आला. एसीच्या नळीचं पाणी प्यायला,
माझ्याकडे कंपनीच्या साहेबासारखं बघितलं,
उडाला.

एकतीस तारखेला आठ वाजता ड्यूटी सुटली.
शर्ट काढतोय तोवर बेल.
दारात तिसऱ्या मजल्यावरची लिगाया,
त्या फिलिपिनो नर्सची मुलगी,
गळ्यापर्यंत कचऱ्याची काळी पिशवी,
नाकावर पुठ्ठ्याची ही लांब चोच.
'मी वटवाघूळ आहे,' तिने सांगितलं.
मी चोचीकडे बघत राहिलो.

चॉकलेट नव्हतं. डब्यात खाजा होता,
आईने जूनमध्ये कुणाबरोबर तरी धाडलेला,
शेवटचे पाच तुकडे, पुरवून पुरवून उरलेले.
डबा पुढे केला.
तिने चोच कपाळावर सरकवली,
सगळ्यात मोठा तुकडा उचलून चावला.
डोळ्यांत टचकन पाणी.
'आलं जास्त आहे.'
आणि उष्टा अर्धा तुकडा माझ्या तळहातावर ठेवून
पिशवी सळसळवत वर गेली.
वरच्या मजल्यावर बेल वाजली.

जत्रेत आई खाजेवाल्याशी दर साली भांडायची:
आलं कमी घालतंस मेल्या.

मी तो तुकडा उभ्यानेच खाल्ला.
मग दाजीला लिहिलं: शिवला.
दोन निळ्या खुणा. बराच वेळ काही नाही.
मग त्याचं: कोण?

वटवाघूळ, असं लिहिलं,
आणि पुसलं.